पडद्यावरची रेघ आणि जागेवरची भिंत

मित्रहो, घराचा नकाशा म्हणजे काय, असा प्रश्न नव्याने नकाशे काढू लागलेल्यांना विचारला तर 'घर वरून जसे दिसेल तसे चित्र' असे उत्तर बहुधा मिळते. पण घर वरून पाहिले तर छप्पर दिसेल. मजल्याचा नकाशा हा घराचा आडवा छेद असतो. जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर एक सपाट प्रतल साऱ्या भिंतींतून, दारांतून आणि खिडक्यांतून आरपार गेले आहे, त्यावरचा भाग दूर केला आहे आणि आपण उरलेल्या भागाकडे सरळ खाली पाहत आहोत, अशी कल्पना करून जे दिसते ते आपण काढतो. ही व्याख्या पाठ करण्यापुरती नाही, कारण पुढची प्रत्येक रेघ कशी असावी हे तीच ठरवते. छेदात सापडलेल्या भिंतीची कड जाड रेघेने येते. छेदाच्या खाली राहिलेल्या ओट्याची किंवा खिडकीच्या तळकडेची रेघ बारीक असते. छेदाच्या वर असलेली तुळई, पोटमाळा किंवा उंचावरचा झरोका तुटक रेघेने दाखवला जातो. संगणकाला यातले काहीही ठाऊक नसते. त्याच्या लेखी एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत एक रेघ आहे, एवढेच सत्य आहे. ती रेघ भिंत आहे, सावली आहे की फरशीचा सांधा आहे, हे काढणाऱ्याला माहीत असावे लागते आणि वाचणाऱ्याला कळावे लागते. आज मला जे सांगायचे आहे ते सारे या एका गोष्टीभोवती आहे: पडद्यावर ओढलेली प्रत्येक रेघ जागेवर कोणीतरी उभी करणार आहे, या जाणिवेने ती ओढली पाहिजे.

संगणकावर नकाशे काढण्याच्या या साधनाच्या इतिहासात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा प्रोग्रॅम आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी मांडला. टीएक्स-२ नावाच्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ काढता येत होती, हा त्यातला डोळ्यांत भरणारा भाग. मला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा भाग: या दोन रेघा समांतर राहाव्यात, हे दोन बिंदू एकच असावेत, अशी नाती त्या चित्रात सांगता येत होती आणि संगणक ती पाळत होता. म्हणजे चित्र हा आकड्यांचा आणि नात्यांचा संच आहे, हा विचार अगदी आरंभापासून होता. पुढे १९८२ च्या डिसेंबरात ऑटोकॅड हा नकाशे काढण्याचा प्रोग्रॅम बाजारात आला आणि टेबलावरच्या छोट्या संगणकावर हे काम सामान्य आरेखकाच्या आवाक्यात आले. आज ऑटोकॅड आहे, क्यूकॅड आहे, त्याच्यातूनच निघालेले आणि मोफत मिळणारे लिब्रेकॅड आहे. कमांडची नावे थोडीफार बदलतात, पण पद्धत एकच राहते, म्हणून मी आज कोणत्या बटणावर टिचकी मारायची हे फारसे सांगणार नाही.

या पद्धतीचा पहिला नियम असा की घर पूर्ण आकाराने काढायचे. कागदावर काम करणारा आरेखक आधी प्रमाण ठरवत असे, मग १२ मीटरची भिंत २४ सेंटिमीटरची करून मांडत असे. संगणकात १२ मीटरची भिंत १२००० मिलिमीटरचीच काढायची आणि प्रमाणाचा विचार छपाईच्या वेळी करायचा. पडद्याला स्वतःचे माप नसते. चाक फिरवले की स्नानगृह दिवाणखान्याएवढे दिसू लागते, आणि नवशिक्याची फसगत इथेच होते. कागदावर हाताला सवय झाल्याने खोली लहान पडते आहे हे डोळ्याला समजत असे. पडद्यावर ती सोय नाही. म्हणून प्रत्येक खोलीत सुरुवातीलाच एखादी ओळखीच्या आकाराची वस्तू ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो. २००० मिलिमीटर लांबीचा पलंग किंवा ६०० मिलिमीटर खोल कपाट पुरते. सजावट म्हणून त्याचा उपयोग नाही, ती तिथे मापाची साक्ष म्हणून असते.

आता जागेच्या मोजणीकडे येतो, कारण नकाशातल्या पुष्कळ चुका संगणक सुरू होण्यापूर्वीच झालेल्या असतात. चौकोनी भूखंडाच्या चारही बाजू मोजून माणूस निर्धास्त होतो. पण चार बाजूंनी चौकोन निश्चित होत नाही. त्याच चार लांबींचे कितीतरी तिरके चौकोन काढता येतात. त्याला बांधून ठेवतो तो कर्ण. समजा, भूखंडाच्या समोरासमोरच्या बाजूंची एक जोडी प्रत्येकी २० आणि दुसरी प्रत्येकी १५ मीटर भरली. कोपरे काटकोनी असतील तर कर्ण बरोबर २५ मीटर यायला हवा. प्रत्यक्षात टेप २४.८० मीटर दाखवते. वीस सेंटिमीटरचा हा फरक किरकोळ समजून काटकोनी चौकोन काढला, तर काय होते पाहा. पडद्यावर २० मीटरची पायारेघ काढा. तिच्या एका टोकाला केंद्र धरून १५ मीटर त्रिज्येचे आणि दुसऱ्या टोकाला केंद्र धरून २४.८० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. ती दोन वर्तुळे जिथे छेदतात तो भूखंडाचा खरा तिसरा कोपरा. काटकोनी कोपऱ्यापासून तो सुमारे २५ सेंटिमीटर आत सरकलेला दिसेल. म्हणजे जी भिंत आपण हद्दीला समांतर समजत होतो, ती एका टोकाला एका विटेच्या लांबीहून अधिक चुकली असती. याच पद्धतीने चौथा कोपरा मिळवला, की दुसरा कर्ण पडद्यावरच मोजता येतो. तो २५.२० मीटरच्या आसपास येतो. जागेवर जाऊन टेपने तो मोजावा. तेवढाच भरला तर मोजणी विश्वासाची. नाही भरला तर एकतरी माप चुकले आहे, आणि ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. कंपासने काढलेल्या भूमितीची जुनी रीतच इथे कामाला येते. संगणकाने तिला फक्त अचूकता दिली आहे.

फाइलची पूर्वतयारी थोडक्यात सांगतो. एकक मिलिमीटर ठरवावे आणि ते ड्रॉइंगमध्ये लिहूनही ठेवावे, कारण दुसऱ्याच्या फाइलमधून आणलेले संडास-बेसिनचे चित्र कधी इंचांत असते आणि पंचवीसपट लहान होऊन कोपऱ्यात हरवते. घराचा एक कोपरा शून्य-शून्य या निर्देशांकावर ठेवावा. सर्वेक्षणाच्या मोठमोठ्या आकड्यांच्या जागी घर ठेवले, तर आकड्यांतले सार्थ अंक तिथेच खर्ची पडतात, आणि काही प्रोग्रॅममध्ये रेघा थरथरताना किंवा हॅच, म्हणजे बंद आकृतीत भरलेली रेघांची नक्षी, विस्कटताना दिसतात. हाच शून्य बिंदू सगळ्या मजल्यांसाठी एकच असला पाहिजे. तळमजल्याची फाइल संदर्भ म्हणून खाली ठेवून वरचा मजला काढला, की खालची भिंत आणि वरची भिंत एकावर एक येते की नाही, वरचे स्नानगृह खालच्या स्नानगृहावर आहे की जेवणाच्या टेबलावर, हे एका नजरेत कळते.

लेयर या विषयावर मात्र घाई करणार नाही. पूर्वी मोठ्या कार्यालयांत एकाच पायाभूत नकाशावर पारदर्शक पत्रे खिळ्यांच्या पट्टीवर अचूक बसवून ठेवत. एका पत्र्यावर वीज, दुसऱ्यावर पाण्याचे नळ, तिसऱ्यावर छत. लेयर ही त्याच व्यवस्थेची संगणकातली आवृत्ती आहे. फरक एवढाच की पत्रे संपत होते, लेयर संपत नाहीत, आणि त्यामुळेच त्यांचा गोंधळ लवकर होतो. लेयरचे नाव वस्तूवरून द्यावे. 'लाल', 'नवीन १', 'तात्पुरते' अशी नावे दिलेली फाइल सहा महिन्यांनी तिच्या कर्त्यालाही वाचता येत नाही. बाहेरच्या भिंती, आतल्या भिंती, दारे, खिडक्या, जिना, स्वच्छतेची उपकरणे, फर्निचर, मापे, मजकूर, छेदावरच्या वस्तू, एवढे विभाग लहान घराला पुरे होतात. लेयरच्या नावांची आंतरराष्ट्रीय पद्धत सांगणारे आयएसओ १३५६७ हे मानकही आहे. एकट्याने काम करताना ते तंतोतंत पाळण्याची गरज नाही, पण एक पद्धत ठरवून शेवटपर्यंत पाळण्याची गरज आहे. रंग आणि रेघेची जाडी लेयरला द्यावी, प्रत्येक रेघेला वेगळी देऊ नये. रेघेला स्वतंत्र रंग दिला की ती लेयरचे ऐकेनाशी होते, आणि छपाईच्या आदल्या संध्याकाळी अशा बंडखोर रेघा एकेक करून शोधाव्या लागतात. शिस्त पाळली तर एकाच फाइलमधून गवंड्याला फक्त भिंती आणि मापे असलेला कागद देता येतो, वायरमनला फिकट भिंतींवर दिव्यांच्या जागा दाखवता येतात आणि घरमालकाला फर्निचरसह नकाशा दाखवता येतो. भिंत तीन ठिकाणी वेगवेगळी काढलेली नसल्याने ती तीन ठिकाणी वेगवेगळी होत नाही.

भिंती काढायला बाहेरच्या कडेपासून सुरुवात करावी. ऑर्थो, म्हणजे रेघ फक्त आडवी किंवा उभी जाऊ देणारी सोय, चालू ठेवून दिशा द्यायची आणि लांबी आकड्यात टाइप करायची. डोळ्याच्या अंदाजाने कर्सर थांबवून काढलेली रेघ कितीही सरळ दिसली, तरी ती ११९९७.३८ मिलिमीटरची निघते. दोन रेघा जोडताना ऑब्जेक्ट स्नॅपने, म्हणजे कर्सरला नेमक्या बिंदूवर ओढून घेणाऱ्या सोयीने, टोक पकडायचे. जवळ नेऊन सोडायचे नाही. न जुळलेले कोपरे पडद्यावर जुळलेले भासतात, पण भिंतीत हॅच भरायला गेलो की प्रोग्रॅम हद्द बंद नसल्याची तक्रार करतो, आणि ती तक्रार रास्त असते. बाहेरची रेघ झाली की ऑफसेट या समांतर रेघ काढणाऱ्या कमांडने २०० मिलिमीटर आत दुसरी रेघ घ्यायची, कोपरे फिलेट या दोन रेघा कोपऱ्यात जोडणाऱ्या कमांडने, त्रिज्या शून्य ठेवून, साफ करायचे, मग आतल्या भिंती त्याच पद्धतीने उभ्या करायच्या.

इथे हिशेब कागदावर एकदा मांडून घेणे मला आवश्यक वाटते. आपल्या घराची बाहेरून लांबी १२००० आहे असे धरू. बाहेरच्या दोन भिंती २०० च्या, आतल्या दोन १०० च्या, म्हणजे ६०० मिलिमीटर भिंतींतच गेले. खोल्यांसाठी ११४०० उरले. त्याची वाटणी ४२००, ३६०० आणि ३६०० अशी केली, तर ओळीने आकडे येतात: २००, ४२००, १००, ३६००, १००, ३६००, २००. बेरीज १२०००. ही बेरीज आधी जुळली की पडद्यावरचे काम केवळ लिहिण्याचे उरते. ज्यांना भिंतींची जाडी आठवत नाही ते १२ मीटरचे तीन सरळ भाग पाडतात आणि शेवटी एका खोलीच्या पोटातून भिंत काढतात.

आणि इतके करूनही गिलावा राहिलाच. ३६०० चे माप विटेच्या भिंतीपासून विटेच्या भिंतीपर्यंतचे आहे. दोन्ही बाजूंना १२ मिलिमीटर गिलावा धरला तर राहण्याची खोली ३५७६ ची होते. माणसाला हा फरक जाणवणार नाही, पण सुताराला जाणवेल. ६०० मिलिमीटरची सहा कपाटे ३६०० मध्ये नेमकी बसतात असे नकाशात दाखवले, तर सहावे कपाट जागेवर बसणार नाही. नकाशातली मापे बांधकामाची आहेत की तयार पृष्ठभागाची, हे एका ओळीत लिहिलेले असावे आणि सगळ्या मापांना ते लागू असावे. स्वयंपाकघर, स्नानगृह आणि भिंतीत बसणारी कपाटे यांच्या बाबतीत मी तयार माप वेगळे दाखवणे पसंत करतो. स्नानगृहात तर गिलाव्यावर टाइल आणि तिच्या मागचा मसालाही येतो.

दार काढणे सगळ्यांना सोपे वाटते, कारण भिंतीत मोकळी जागा, एक रेघ आणि एक पाव वर्तुळ एवढेच त्याचे रूप आहे. पण नकाशातला सर्वांत बोलका भाग तोच आहे. ते पाव वर्तुळ म्हणजे झडप फिरताना जी जमीन व्यापते ती. त्या क्षेत्रात दुसरे दार, पलंगाचा कोपरा किंवा बेसिन आले, तर नकाशा अडचण आधीच सांगत असतो, आपण वाचायची असते. दाराची झडप ज्या भिंतीवर जाऊन टेकते तिथे दिव्याचे बटण ठेवले तर दार उघडून आत गेलेला माणूस ते अंधारात झडपेमागे चाचपडत राहतो. बटणाची जागा वीजवाल्याच्या कागदावर असते आणि दार आपल्या कागदावर, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे टिकली आहे. रुंदीचेही तसेच आहे. भिंतीत ९०० मिलिमीटर मोकळी जागा ठेवली, दोन्ही बाजूंना ५० ची चौकट बसवली, तर ८०० उरतात. झडप काटकोनात उघडली तरी तिची ३५ मिलिमीटर जाडी वाटेत राहते. जाण्यायेण्याला मिळाले सुमारे ७६५. चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाचा विचार करणाऱ्या आरेखकाने या शेवटच्या आकड्यापासून सुरुवात करून उलट दिशेने मोकळी जागा ठरवली पाहिजे.

दारे आणि खिडक्या ब्लॉक म्हणून, म्हणजे एकदा काढून पुन्हा पुन्हा बसवता येणारे चित्र म्हणून, ठेवाव्यात. ब्लॉकचा पकडबिंदू बिजागरीच्या कोपऱ्यावर ठेवला की दार भिंतीत नेमके बसते आणि मिररने उजवे-डावे करता येते. त्यातल्या रेघा '०' नावाच्या मूळ लेयरवर काढलेल्या असल्या, की ब्लॉक ज्या लेयरवर बसवाल त्या लेयरचा रंग घेतो. ब्लॉकची व्याख्या एकदा सुधारली की घरातली सगळी दारे सुधारतात. दारांची आणि खिडक्यांची यादीही त्यांच्यावरून मोजून काढता येते. खिडकीसाठी मात्र नकाशा अपुरा आहे. तळकडेची उंची आणि डोक्याची उंची त्यात दिसत नाही. ती तक्त्यात लिहावी लागते.

आता जिन्याकडे वळतो. घराच्या नकाशात सर्वांत जास्त खोडखाड जिन्यामुळे होते, कारण तो एकाच वेळी आडवा आणि उभा असतो. सुरुवात उंचीपासून करायची. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंतची उंची घ्यायची, छताच्या खालच्या कडेपर्यंतची नाही. स्लॅबची जाडी विसरली की एक पायरी कमी पडते. समजा ही उंची ३००० मिलिमीटर आहे. पायरीची उंची १५० ठेवली तर २० चढ होतात. दोन फेऱ्यांच्या जिन्यात प्रत्येक फेरीला १० चढ येतात, पण पाय ठेवण्याचे पाट ९ च असतात, कारण शेवटचा चढ चढून आपण थेट लँडिंगवर किंवा मजल्यावर पोचतो. पाट ३०० चा घेतला तर ९ पाटांचे २७०० आणि लँडिंगचे १०००, अशी ३७०० लांबी लागली. आपल्या ३६०० च्या खोलीत हा जिना बसत नाही. मग १८ चढ घेऊन पाहू. प्रत्येक चढ सुमारे १६७ चा, प्रत्येक फेरीत ८ पाट, पाट २७० चा. ८ पाटांचे २१६० आणि लँडिंगचे १०००, मिळून ३१६०. हा बसतो. पण तो पायाला सोसणारा आहे का? सतराव्या शतकातले फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लाँदेल यांनी चालण्याच्या पावलावरून एक नाते बांधले: दोन चढांची उंची आणि एका पाटाची रुंदी यांची बेरीज एका पावलाएवढी असावी. आज ही बेरीज ६०० ते ६४० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. पहिल्या जिन्यात ती ६०० होती, दुसऱ्यात ६०४ च्या जवळ येते. दोन्ही चालतील. मात्र जागा वाचवायची म्हणून पाट २२० वर आणला तर ती ५५४ होईल आणि उतरताना टाच अधांतरी राहील. हे सगळे आकडे पहिली रेघ काढण्यापूर्वी मांडायचे. तुमच्या भागातल्या बांधकाम नियमांत चढ-पाटाची मर्यादा दिलेली असते. तीही याच वेळी पडताळून घ्यावी.

जिना काढल्यावर छेदाची आठवण ठेवावी. तळमजल्याचा छेद १.२ मीटरवर आहे, म्हणजे १६७ च्या चढांच्या जिन्यात सातव्या चढाच्या आसपास तो पहिल्या फेरीला कापतो. तिथे तिरकी तुटरेघ काढायची, तिच्यापर्यंतच्या पायऱ्या भरीव रेघेने दाखवायच्या, पुढच्या तुटक रेघेने, आणि चढण्याची दिशा बाणाने सांगायची. बाण नेहमी चढाकडे ठेवला की वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही. लँडिंगखालची जागा हा आणखी एक सापळा. नकाशात ती रिकामी दिसते, मोहाने आपण तिथे लहानसे शौचालय दाखवतो. लँडिंग १५०० उंचीवर आहे. त्यातून स्लॅबचे १५० वजा केले की खाली १३५० मिलिमीटर राहतात. तिथे माणूस उभा राहू शकत नाही. नकाशा ही अडचण कधीच सांगणार नाही, कारण उंची हा त्याचा विषयच नाही. म्हणूनच जिन्यातून जाणारा उभा छेद नकाशाच्या शेजारीच, त्याच फाइलमध्ये, सोबतीने काढत जावा. नकाशा पूर्ण झाल्यावर छेद काढायचा ठरवणारे बहुधा नकाशा दोनदा काढतात.

मापे लिहिण्याचा भाग कंटाळवाणा समजला जातो. मला तो नकाशाचा कणा वाटतो. बांधकामावर एक संकेत पाळला जातो: कागदावर पट्टी ठेवून माप काढायचे नाही, लिहिलेले माप ग्राह्य धरायचे. तेव्हा जे माप लिहिले नाही ते गवंडी अंदाजाने ठरवणार. बाहेरच्या बाजूला मापांच्या तीन ओळी ठेवाव्यात. घराजवळच्या ओळीत दारे-खिडक्यांच्या कडा, मधल्या ओळीत भिंती, बाहेरच्या ओळीत एकूण लांबी. तिन्हींची बेरीज एकच आली पाहिजे. आतल्या दाराचे माप जवळच्या कोपऱ्यापासून द्यावे, कारण गवंडी तिथूनच मोजणार आहे. एकच माप दोन ठिकाणी लिहू नये, कारण दुरुस्ती करताना एक ठिकाण राहून जाते.

आणि या सगळ्यात एक गोष्ट कधीही करू नये: मापाचा आकडा हाताने बदलू नये. भिंत २९८५ निघाली, हवी होती ३०००, आणि आता वेळ नाही, म्हणून रेघ तशीच ठेवून आकडा पुसून ३००० टाइप करण्याची सोय प्रोग्रॅममध्ये आहे. त्या क्षणी नकाशा आणि आकडा यांचे नाते तुटते. पुढे कोणी ती भिंत स्ट्रेच करून ३३०० केली तरी आकडा ३००० च सांगत राहतो. खरे नाते असलेले माप भिंतीबरोबर बदलले असते. सदरलँड यांच्या प्रोग्रॅममधली नात्यांची कल्पना इथे आपल्या उपयोगाची आहे, आणि ती मोडण्याचा अधिकार आपण वापरू नये. मापे पूर्णांकात दाखवण्याच्या सेटिंगमुळेही अशीच फसवणूक होते. २९९९.६ हे ३००० म्हणून छापले जाते. तपासणीच्या वेळी मापांचे दशांश दाखवायला सांगावे. जिथे शून्याखेरीज दशांश दिसेल तिथे कोणीतरी स्नॅप न करता रेघ काढली आहे.

छपाईचा विचार आता येतो. लेआउटमध्ये, म्हणजे छपाईच्या मांडणीच्या पानावर, कागद मांडावा आणि त्यावर ड्रॉइंग दाखवणाऱ्या चौकटीला प्रमाण द्यावे. १२ बाय ९ मीटरचे घर १:५० प्रमाणात २४० बाय १८० मिलिमीटर होते, आणि ४२० बाय २९७ च्या ए३ कागदावर मापांच्या ओळी, शीर्षकपट्टी आणि उत्तर दिशेसह नीट बसते. कागदावर अक्षर २.५ मिलिमीटर उंचीचे हवे असेल तर १:५० साठी ते ड्रॉइंगमध्ये १२५ आणि १:१०० साठी २५० चे असावे लागते. नव्या आवृत्त्यांत हे आपोआप करण्याची सोय आहे, पण गणित माहीत असलेले बरे. रेघांच्या जाडीत फरक स्पष्ट असावा: कापलेल्या भिंतीला ०.५, खाली दिसणाऱ्या वस्तूंना ०.२५, मापांना ०.१८ मिलिमीटर. १:१०० वर १०० ची आतली भिंत कागदावर जेमतेम एक मिलिमीटर असते. तिच्या दोन्ही कडांना ०.५ ची रेघ दिली तर प्रत्येक रेघेची निम्मी जाडी आत येते आणि मध्ये अर्धा मिलिमीटर पांढरे उरते. पहिल्या झेरॉक्सनंतर तेही भरून जाते. बांधकामाचा नकाशा १:५० वर छापावा असे मी म्हणतो त्याचे हे एक कारण.

कोणी विचारेल की आता भिंतीला भिंत म्हणून ओळखणारे प्रोग्रॅम आले आहेत, रेव्हिट किंवा आर्किकॅडसारखे, मग रेघांचा हा अभ्यास कशाला. त्या प्रोग्रॅममध्ये दार बसवले की भिंत आपोआप कापली जाते, छेद आपोआप मिळतो, दारांची यादी तयार होते. मोठ्या कामात त्यांना पर्याय नाही आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी ते शिकावेत. पण भिंतीची जाडी गिलाव्यासह धरली की त्याशिवाय, उंची कुठून कुठवर मोजली, दार कोणत्या बाजूला उघडते, हे तिथेही माणसानेच सांगायचे असते. चुकीचे सांगितले तर चूक नकाशात, छेदात आणि यादीत एकाच वेळी, एकसारखी नेटकी उमटते.

छापलेला पहिला कागद हातात आला की पट्टी घेऊन एकच माप तपासावे. १२००० ची भिंत १:५० वर २४० मिलिमीटर भरली पाहिजे. १७० भरली तर प्रिंटरने ए३ चा मजकूर ए४ मध्ये कोंबला आहे, आणि कागदावरचे '१:५०' हे शब्द खोटे झाले आहेत. यासाठी शीर्षकपट्टीजवळ रेखीव मोजपट्टी काढून ठेवावी, म्हणजे कागद आकुंचन पावला तरी तीही त्याच्यासोबत आकुंचन पावते. त्यानंतर जितके बदल होतील तितक्यांना क्रमांक, तारीख आणि काय बदलले याची एक ओळ द्यावी, बदललेल्या जागेभोवती ढगासारखी रेघ काढावी, आणि नवा कागद जागेवर पोचवताना जुना कागद हातोहात परत घ्यावा. दोन आवृत्त्या एकाच वेळी जागेवर राहिल्या, की कोणती भिंत कोणत्या कागदावरून बांधली हे शोधण्यात दिवस जातात.